शेवटच्या पायरीपर्यंत

शांती दुपारी दीडला झोपते आणि तीनला उठते. नाव शांती, पण उठली की लालबागच्या जुन्या भोंग्याला लाजवेल असा आवाज. आठ महिन्यांची आहे. त्या दीड तासात मी आधी भांडी घासायची, मग कपडे, मग जमलं तर काम. हल्ली मात्र उलटा क्रम लावला होता, कारण शनिवार जवळ आला होता.

शनिवारी ऑफिसात बैठक होती. आमचं ऑफिस गिरगावात, चर्नी रोडच्या बाजूला एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. आठ माणसं. आम्ही लसी ठेवायच्या फ्रिजवर बसवायचं एक यंत्र करत होतो. फ्रिजचं तापमान दर तासाला मोजायचं, टिपून ठेवायचं, आणि दार उघडं राहिलं किंवा आतलं गरम व्हायला लागलं तर ताबडतोब घंटा वाजवायची. यंत्राच्या पोटातली सगळ्यात आतली व्यवस्था, ज्याला कर्नेल म्हणतात, ती आम्ही स्वतः लिहिलेली. त्यातला एक भाग माझा, थांबून न राहता 'काम झालं का' एवढं विचारणारा कॉल. शांती पोटात असताना, नवव्या महिन्यात लिहिलेला.

यंत्र एका दवाखान्यात चाचणीसाठी बसवलं आणि आठव्या दिवशी ते गप्प झालं. बंद करून चालू केलं, की पुन्हा आठ दिवस नीट, मग पुन्हा गप्प. लसींना काही झालं नाही, तिथल्या नर्सबाई स्वतः दिवसातून चारदा फ्रिज बघायच्या. पण प्रत्येक ठिकाणी अशी नर्स असेलच असं नाही.

बुधवारी उत्तमचा फोन आला. उत्तम आमचा मुख्य. माणूस चांगला, बोलणं फटकळ.

"ललिता, ऐक. शनिवारपर्यंत सापडलं तर ठीक. नाहीतर तुझा तो न थांबणारा कॉल काढून टाकतोय. साधा थांबणारा वापरू."

"पण मग पोर अडकलं तर आई पण अडकेल. घंटा कोण वाजवणार?" आमच्या भाषेत काम सोपवणारा प्रोग्राम म्हणजे आई आणि त्याने कामाला सोडलेला छोटा प्रोग्राम म्हणजे पोर.

"ते मला कळतं ग. पण आठ दिवसांनी मरणारं यंत्र दाखवू कुणाला? आणि दुसरी गोष्ट, राग मानू नकोस. हे घरून तीन दिवस चाललंय ना, ते मग नाही चालणार. रोज यावं लागेल. वरून विचारणा होते."

राग नाही आला. रोज ऑफिस म्हणजे सकाळी आठला निघायचं, संध्याकाळी सातला यायचं. शांती अजून अंगावर पिते. सासूबाई सांभाळतील, प्रश्न तो नव्हता. प्रश्न असा की दुपारी तीनला ती उठते तेव्हा डोळे न उघडता हात पुढे करते, आणि त्या हाताला मी लागते.

म्हणून गुरुवारी दुपारी भांडी तशीच ठेवून मी कॉम्प्युटरसमोर बसले. आमची खोली तिसऱ्या मजल्यावर. पंख्याचा आवाज, खालून मिरची कुटणाऱ्या डंकाचा ठेका, अधूनमधून सगळ्या चाळीला येणारी एक सामायिक शिंक. सासूबाई, म्हणजे सुभद्राबाई, जमिनीवर बसून तांदूळ निवडत होत्या.

"काय गो, तोंड कशाला असं झालंय?" त्या म्हणाल्या. "भांडी मी घासीन. तू तुझं कर."

"भांड्यांचं नाही आई. इथे चूक सापडत नाही."

"काय चुकलंय ते तरी सांग. मला काय कळायचं नाही, पण सांगून तरी टाक. मनात ठेवलंस तर दूध आटेल."

त्यांच्या मते जगातल्या सगळ्याच गोष्टींनी दूध आटतं. मी हसले, आणि खुर्ची त्यांच्याकडे वळवून सांगायला लागले. खरं तर स्वतःलाच सांगत होते.

"असं बघा आई. यंत्रात एक आई आहे. तिला खूप कामं. तापमान मोजायची वेळ झाली की ती एक पोर जन्माला घालते. ते पोर जातं, मोजतं, टिपून ठेवतं, आणि 'झालं माझं' अशी चिठ्ठी हातात धरून उभं राहतं. आईने येऊन चिठ्ठी घेतली की त्याचं नाव यादीतून निघतं. जागा मोकळी होते."

"आणि नाय घेतली तर?"

"तर ते उभंच राहतं. काम संपलंय, पण जागा अडलीय."

आमच्या धंद्यात अशा पोरांना फार वाईट नाव आहे, मेलेल्या माणसांचं. पाळण्यात शांती झोपलेली असताना मी ते नाव उच्चारत नाही.

"बिचारं," सासूबाई म्हणाल्या. "मग आई घेत का नाय?"

"तेच तर. आईने वाट बघायच्या दोन तऱ्हा असतात. एक, हातातलं सगळं टाकून दारात बसायचं, पोर येईपर्यंत उठायचंच नाही."

"ते कसं परवडेल? घरात कामं कोण करणार?"

"म्हणून दुसरी. जाता जाता फक्त विचारायचं, कुणाचं झालं का रे? झालं असेल तर चिठ्ठी घ्यायची. नसेल झालं तर 'अजून नाही' असं उत्तर येतं, मग आपल्या कामाला लागायचं. थोड्या वेळाने पुन्हा विचारायचं. पोरंच नसतील तर 'तुला पोरं नाहीत' असं तिसरं उत्तर. हे उत्तर देणारं जे आहे ना, ते मी लिहिलंय."

"हां. हे शहाणपणाचं."

"पण दवाखान्यात काय होतंय, आई विचारते, आणि दर वेळी एकच उत्तर. अजून नाही. अजून नाही. आठ दिवस अजून नाही. तोवर यादीतल्या दोनशे जागा भरतात, मग नवं पोर जन्मालाच येत नाही. सगळं गप्प. ऑफिसात सगळे म्हणतात, पोरं काम संपवतच नाहीत, तापमानाची वायर अडकत असणार. वायर दोनदा बदलली. आणि ऑफिसातल्या टेबलावर हेच यंत्र सेकंदाला एक पोर घालून हजारो वेळा चालवलं, काही होत नाही."

सासूबाईंनी तांदळातला एक खडा उचलून बाजूला ठेवला.

"ती विचारते कुणाला?"

"म्हणजे?"

"अगो, कुणाचं झालं का म्हणून विचारते ती. विचारते कुणाला? पहिल्याला की सगळ्यांना?"

"सगळ्यांना," मी म्हणाले. "यादी असते. पहिल्यापासून..."

"नाय, मी आपलं विचारलं. मी एकदा पहिल्याला विचारून आत आले होते."

सासूबाई रोज दुपारी तीनच्या सुमारास जिना उतरून तळापर्यंत जातात आणि परत वर येतात. हातात पिशवी नाही, काही आणायचं नाही. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं गुडघ्यांसाठी असेल. मग वाटलं पहिल्या मजल्यावरच्या मंजुळाबाईंशी दोन शब्द बोलायला. विचारलं कधीच नव्हतं. वर आल्या की त्या नेहमी एकच वाक्य म्हणायच्या, स्वतःशीच, "कोणी नाय."

"आई, तुम्ही रोज जिना बघायला जाता तो..."

"तोच." त्यांनी सूप खाली ठेवलं. "माझ्या सासूची खानावळ होती ना या खोलीत. जाईबाईची खानावळ म्हटलं की गिरणीतली निम्मी कोकणातली माणसं ओळखायची. पाळी सुटली की भोंगा, आणि भोंग्यामागून पंधरा-वीस माणसं जिन्यावर. पंगत लागायची, उठायची, दुसरी लागायची. मग संप आला. भोंगा बंद. गावाला जाणारे गेले, तुझे सासरेपण गेले शेतीला. तुझा रघू तेव्हा चार वर्षांचा, तो, मी आणि सासू इथे. राहिलेल्या माणसांत खानावळीचे असतील सात-आठ. पण यायचे नाय. काम नाय तर ताटावर कसं बसायचं, लाजायचे. सासू मात्र रोज तीनला भात टाकायची. मला सांगायची, सुभद्रे, जिन्यावर कोण आलंय काय बघ, थांबू नको."

"आणि तुम्ही बघायचात."

"दार उघडायचे. वरच्या पायरीवर धोंडूभावजी बसलेले. ते रोजच बसायचे, वारा येतो म्हणून. जेवायचे त्यांच्या बहिणीकडे. मी विचारायचे, भावजी, वाढू का? ते म्हणायचे, नको वहिनी, अजून नको. मी आत यायचे आणि सासूला सांगायचे, अजून नको म्हणतात. असं तीन दिवस. चौथ्या दिवशी खाली धप्प आवाज झाला. जिना वळतो ना, तिथे. कोंडीराम पडला होता. घेरी येऊन. त्याच्याबरोबर अजून दोघं. तिघं रोज वळणापर्यंत यायची, बसून राहायची, कुणी हाक मारतंय काय बघायची, आणि उतरून जायची. आणि मी वरच्या पायरीवरूनच परत."

"धोंडूभावजींना माहीत नव्हतं?"

"त्यांची पाठ होती त्यांच्याकडे. ते खोटं कुठे बोलले? त्यांना खरंच नको होतं."

हे त्यांनी अगदी साधेपणाने सांगितलं. मग म्हणाल्या, "सासू ओरडली नाय. तिघांना हाताला धरून वर आणलं, पेज पाजली. रात्री मला एवढंच म्हणाली, थांबू नको म्हणून मी तुला सांगितलं होतं, अर्ध्यातून ये म्हणून नाय. दारात बसून राहू नको, पण गेलीस तर शेवटच्या पायरीपर्यंत जा. तेव्हापासून जाते. आता कोण येणार म्हणा. पण पायांना सवय."

मी खुर्ची वळवली. माझाच कोड उघडला. वरून खाली वाचत गेले, आणि मधोमध ते होतं. दोन ओळी. यादीतलं पहिलं पोर बघ. झालं असेल तर चिठ्ठी घे. झालं नसेल, आणि थांबू नको असं सांगितलेलं असेल, तर 'अजून नाही' म्हणून परत फिर.

तिथूनच परत फिर. दुसऱ्याकडे न बघता.

'थांबू नको' याचा अर्थ मी नवव्या महिन्यात 'लगेच परत ये' असा लावला होता. कदाचित त्या दिवसांत मलाच खुर्चीवरून लवकर उठायचं असेल. आणि ऑफिसातल्या टेबलावर हे कळायचा प्रश्नच नव्हता, तिथे यादीत एका वेळी एकच पोर. दवाखान्यात मात्र यंत्राला छोटा पडदा लावला होता, त्यावर आकडे दाखवणारं एक पोर यंत्र चालू होताच पहिलं जन्माला यायचं आणि कधीच संपायचं नाही. त्याचं कामच न संपणारं. ते यादीत सगळ्यांच्या पुढे बसलेलं, दर वेळी प्रामाणिकपणे सांगणारं: माझं अजून नाही. त्याच्या मागे वळणावर शंभर-दोनशे पोरं चिठ्ठ्या धरून बसलेली.

पण मनात पटणं वेगळं आणि डोळ्यांनी बघणं वेगळं. पडद्याचा प्रोग्राम दुसऱ्याने लिहिलेला, माझ्याकडे नव्हता. मग मी एक रिकामं पोर लिहिलं. काही न करणारं. जन्माला यायचं आणि बसून राहायचं, बस. त्याला नाव द्यावं लागतं. मी धोंडू दिलं. घरी चाचणीसाठी आणलेल्या यंत्रावर आधी धोंडूला सुरू केलं, मग सेकंदाला एक पोर सोडायला लागले.

तीन मिनिटं सोळा सेकंदांनी यंत्र गप्प झालं.

इतके दिवस जे आठ दिवसांनी व्हायचं ते माझ्या डोळ्यांसमोर तीन मिनिटांत झालं, आणि मला इतका आनंद झाला की मी तोंडावर पदर धरला. शांती उठायला नको म्हणून.

"बिघडलं काय?" सासूबाई.

"बिघडलं आई. अगदी बरोबर बिघडलं."

"बरं बाय," त्या म्हणाल्या, आणि सूप पुन्हा मांडीवर घेतलं. आमच्या कामाबद्दल त्यांचं जे मत असेल ते त्यांनी चेहऱ्यावर येऊ दिलं नाही.

दुरुस्ती चार ओळींची. यादी शेवटपर्यंत चाल. वाटेत कुणाचं झालेलं दिसलं तर चिठ्ठी घेऊन ये. कुणी अजून कामात असलेलं दिसलं तर मनात नोंद ठेव, पण चालत राहा. शेवटाला पोचलीस, आणि कुणाचंच झालं नव्हतं, पण कुणीतरी होतं, तर मग म्हण, अजून नाही. घाईत ती नोंद ठेवायलाच विसरले, आणि पहिल्या फेरीत यंत्राने त्या आईला सांगितलं की तुला पोरंच नाहीत. मीच दचकले. ते दुरुस्त केलं. पुन्हा धोंडू, पुन्हा सेकंदाला एक.

तीन मिनिटं सोळा झाली. सतरा झाली. चार मिनिटं. यादीत जास्तीत जास्त तीन नावं. येताहेत, चिठ्ठी देताहेत, जाताहेत. धोंडू आपला बसलेला.

तेवढ्यात पाळण्यातून भोंगा.

एरवी मी एक डोळा पडद्यावर ठेवूनच शांतीला घेते, ते तिला कळतं आणि ती चिडते. त्या दिवशी मी यंत्राकडे पाठ केली. तिला मांडीवर घेतलं. तिचा हात आला, मला लागला. ती प्यायला लागली आणि पिता पिता माझ्या मंगळसूत्राची वाटी चिमटीत धरून फिरवत राहिली. मधे एकदाच मान वळवून मी आकडा बघितला, बाराशे काहीतरी होता. मग बघितलाच नाही. खाली मिरची कुटणं थांबलं होतं. सासूबाई भांडी घासत होत्या आणि मी त्यांना नको म्हणाले नाही.

शांतीचं पोट भरून, तिची लंगोट बदलून, तिला बोळकं हसवून मी परत गेले तेव्हा आकडा चार हजारांच्या वर होता. यादीत तीन नावं.

उत्तमला फोन लावला.

"सापडलं."

"वायर?"

"नाही. मी. न थांबणारा कॉल पहिल्या जिवंत पोरापाशीच परत फिरत होता. पडद्याचं पोर पुढे असलं की मागचं कुणीच दिसत नव्हतं."

पलीकडे तो हसला.

"म्हणजे आम्ही वायर बदलत बसलो दोनदा."

"हो. चूक माझीच आहे."

"बरं झालं तुझी आहे. दुसऱ्या कुणाची असती तर ती त्याची आहे हे पटवायलाच शनिवार गेला असता. पाठव." मग अर्ध्या तासाने त्याचाच फोन आला. "चालतंय. पण ललिता, हा धोंडू कोण?"

"आमच्या चाळीतला. वारा खायला बसायचा."

"काढू ना त्याला? चाचणी संपली."

"नको. राहू दे त्याला. पुढे कुणी हे बदललं तर तो पहिल्या पायरीवर असायला हवा."

"बरं बाई, बसू दे." मग आवाज थोडा बदलून, "आणि ते रोज येण्याचं सोड. तुझे तीन दिवस तुझेच. मी सांगतो वर."

मी फोन ठेवला आणि सासूबाईंना सांगितलं, रोज जावं लागणार नाही. त्यांनी ओले हात पदराला पुसले आणि शांतीला माझ्याकडून काढून घेतलं. "ऐकलंस गो? आई घरात आहे तुझी. आता तरी माझे केस सोड."

शनिवारची बैठक दहा मिनिटांत संपली. दवाखान्यातल्या यंत्रात नवा कोड टाकला, आणि मग आठ दिवस मोजणं आलं. या वेळी मी दारात बसून राहिले नाही. सकाळी एकदा विचारायचं, चालू आहे का, आणि मग आपल्या कामाला लागायचं. आठवा दिवस गेला. नवव्या दिवशी शांतीला गोवराची लस द्यायला म्युनिसिपालिटीच्या दवाखान्यात गेलो होतो, सासूबाई आणि मी. सुई टोचल्यावर शांतीने जो सूर लावला त्यात फोनची घंटा मला ऐकूच आली नाही. बाहेर येऊन बघितलं, उत्तमचा निरोप होता: नववा दिवस, यादीत तीन नावं, धोंडू ठणठणीत.

धोंडू त्या यंत्रात नसतोच, तो फक्त आमच्या चाचणीत असतो. पण पडद्याच्या त्या पोरालाही ऑफिसात आता सगळे धोंडूच म्हणतात.

घरी आलो तेव्हा तीन वाजायला आले होते. सासूबाईंचे गुडघे त्या दिवशी बोलत होते, तीन मजले चढून त्या पाय पसरून बसल्या. कपाटावर आमसुलांची पिशवी होती, मे महिन्यात आलेली. दर मे महिन्यात येते, कुडाळकडून, कुणाच्या तरी हाती. इतकी वर्षं मी त्याची सोलकढी करत होते. पिशवीवर बॉलपेनाने नाव लिहिलेलं असतं ते त्या दिवशी पहिल्यांदा नीट वाचलं. कोंडीराम.

"तुम्ही बसा," मी म्हणाले. "मी बघून येते."

शांतीला कडेवर घेतलं आणि उतरले. वळणाशी थांबले. तिथे वारा लागत नाही आणि वरून तिथलं खरंच दिसत नाही. दुसऱ्या मजल्यावर कुणाच्या तरी चपला. पहिल्यावर मंजुळाबाईंचं दार उघडं, त्यांनी शांतीच्या दंडावरची पट्टी बघून चुकचुक केलं. तळाशी शेवटच्या पायरीवर एक मांजर होतं, आमच्याकडे न बघता अंग चाटत बसलेलं. शांतीने त्याच्याकडे हात केला. ते उठलं नाही.

वर आले.

"कोणी नाही, आई."

"शेवटपर्यंत गेलीस?"

"शेवटपर्यंत."

"मग चहा टाक," सासूबाई म्हणाल्या, आणि शांतीला घ्यायला हात पुढे केले.